शुक्रवारचं ताट, महिन्याचा हिशेब

इंदुरात बेने इस्रायल ज्यूंची घरं शोधावी लागतात. सिनेगॉग इथे नाही. जवळचं म्हणायचं तर अहमदाबादचं १९३४ सालचं मागेन अब्राहाम, आणि तेही रात्रभराच्या प्रवासावर. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात ज्यू म्हणून साडेचार हजारांच्या आसपास माणसांची नोंद झाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त महाराष्ट्रातली. माझं माहेर ठाण्याचं. तिथे टेंभी नाक्यावर १८७९ पासून शार हशमायिम उभं आहे, शुक्रवारची प्रार्थना संपली की कुणी ना कुणी कुणाच्या तरी घरी जेवायला जायचंच. आमचे आजेसासरे रेल्वेच्या नोकरीत रतलामला आले, सासरे इंदुरात स्थिरावले आणि मी लग्न होऊन इथे आले.

आमच्या शुक्रवारच्या, म्हणजे शब्बाथच्या, पंगतीत त्यामुळे सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. अवंतिका एक्स्प्रेसने मुंबईहून आलेली नणंद, होस्टेलवर राहणारा आमच्यातला एखादा विद्यार्थी, शेजारच्या देशपांडे काकू, यजमानांच्या ऑफिसातले जैन सहकारी, सियागंजातलं एक बोहरी कुटुंब. घरात एक पगार आणि माझ्या शिकवण्यांचे पैसे. पाहुणे हवेत आणि महिनाअखेरही नीट पार पडायला हवी, या दोन्ही गोष्टी सांभाळताना जे उमगलं, ते मांडते आहे.

१. शब्बाथची यादी वेगळी, हौसेची यादी वेगळी

एक कागद घ्या आणि मधोमध रेघ मारा. डावीकडे शब्बाथला लागतं ते लिहा: सूर्यास्ताआधी लावायचा दिवा, किद्दूशचा (वाइनवरच्या आशीर्वादाचा) पेला, झाकून ठेवलेल्या दोन अखंड भाकऱ्या किंवा पोळ्या, चिमूटभर मीठ आणि रोजच्यापेक्षा थोडं बरं जेवण. रानात भटकणाऱ्या आपल्या पूर्वजांना शुक्रवारी दुप्पट मान्ना (देवाने दिलेलं अन्न) मिळायचा, त्याची आठवण म्हणून दोन पोळ्या. उजवीकडे मटण, बिर्याणी, दोन गोड पदार्थ, तळण, नवी क्रोकरी हे सगळं येतं.

डावीकडची यादी गरिबातल्या गरीब घराला परवडते. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी ते बंद ठेवणाऱ्या आपल्या ‘शनिवार तेली’ पूर्वजांना ती परवडत होतीच की! खर्च वाढतो तो उजवीकडे, आणि तिथे धर्माचा हुकूम कुठेच नाही. हौस करावी, जरूर करावी, पण ती हौस म्हणून मांडावी. ‘शब्बाथ आहे ना, करायलाच हवं’ हे वाक्य उजव्या यादीतल्या पदार्थाबद्दल घरात कुणी बोललं की मी तो कागद दाखवते.

२. मटणाचा भाव दुकानातल्या पाटीवर नसतो

मुंबई-ठाण्यात हझानने (सिनेगॉगात प्रार्थना चालवणारा) किंवा शोहेतने (धर्मनियमाने जनावर कापणारा) कापलेलं मटण, कोंबडी मिळते. इंदुरात ती सोय नाही. म्हणजे कोशर, आपल्या धर्मनियमांत बसणारं, मटण हवं तर कुणीतरी ते बर्फात घालून आणायला हवं, मग ते मीठ लावून, धुऊन, रक्त काढून घ्यायचं. प्रवास, बर्फ, वाया जाण्याचा धोका आणि आणणाऱ्याचे उपकार धरले तर किलोमागे पडणारा भाव ऐकून सासूबाईंनी एकदा पदर तोंडाला लावला होता.

आमच्या घरी आता मटण फक्त सणाला. एरवीचा शुक्रवार बिनमांसाचा. यात धर्माला कुठे बाध येत नाही. आनंदाच्या जेवणाला मांस हवं, अशी चाल आहे. शब्बाथला ते नसलं तर शब्बाथ मोडत नाही. एकट्या या निर्णयाने आमच्या शुक्रवारच्या खर्चाचा सगळ्यात जाड आकडा नाहीसा झाला. बाकीच्या सगळ्या युक्त्या मिळूनही तेवढी बचत करत नाहीत.

३. कोकणात नारळ, माळव्यात दूध

आपला स्वयंपाक नारळाच्या दुधावर उभा आहे, त्यामागे कारण आहे. मांसासोबत दूध-दही चालत नाही आणि कोकणात परसात नारळ. म्हणून कालवणात नारळाचं दूध, हलव्यात नारळाचं दूध, भातातसुद्धा तेच. अलिबाग, रेवदंडा, पेणच्या घरांमध्ये ते फुकटात पडायचं. इंदुरात नारळ परगावाहून येतो, आणि आठ माणसांच्या कालवणाला तीन-चार तरी फोडावे लागतात.

माळव्यात दूध आहे, तूप आहे, दही आहे. ताटात मांस नसलं की हे सगळं खुलं होतं. काकडीची दह्यातली कोशिंबीर, कढी, तुपातला शिरा, श्रीखंड, इथला भुट्ट्याचा कीस. पदार्थ जागेप्रमाणे बदलले तर परंपरा बुडत नाही. पूर्वजांनीही जे दारात होतं तेच वापरलं.

नारळ वापरायचाच असेल तेव्हा त्याचा कण न् कण वापरा. पहिलं दाट दूध शेवटी घालायला बाजूला ठेवा. गरम पाणी घालून काढलेल्या दुसऱ्या पातळ दुधात कालवण शिजवा, तिसऱ्यात भात. उरलेला चोथा तव्यावर कोरडा भाजून लसूण-तिखट घातलं की सुकी चटणी होते, ती शनिवारी गार जेवणाबरोबर छान लागते.

४. माशाचे खवले बघा, मग भाव बघा

आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगतात. डेव्हिड राहाबी नावाचे ज्यू गृहस्थ कोकणात आले तेव्हा या शनिवार पाळणाऱ्या लोकांचा धर्म कोणता, हे त्यांना पारखायचं होतं. त्यांनी बायकांना सगळ्या तऱ्हेची मासळी मिसळून रांधायला दिली. बायकांनी पर आणि खवले नसलेली मासळी निवडून बाजूला केली आणि राहाबींना उत्तर मिळालं.

मला त्या गोष्टीतली पैशाची बाजू आवडते. माशाला शोहेत लागत नाही, मीठ लावून रक्त काढायला लागत नाही, फक्त पर आणि खवले लागतात. म्हणून इंदुरातल्या कोशर घराला मासळी हा सगळ्यात सोपा मांसाहार. पापलेट आणि रावस इथवर बर्फात येतात आणि तसाच भाव मागतात. पण तळ्यातले रोहू, कटला, मृगळ हे तिन्ही खवल्यांचे मासे आहेत आणि त्या मानाने पुष्कळ स्वस्त. मांगूर घेऊ नका, त्याला खवले नसतात. कोळंबीचा प्रश्नच नाही. मासा आख्खा घ्या, खवले डोळ्यांनी बघा आणि मगच कापायला सांगा. डोकं आणि शेपटी टाकू देऊ नका. आंबट-तिखट पातळ कालवणाला खरी चव त्यांचीच, आणि त्या एका कालवणावर दोन माणसं जास्त जेवतात.

अंडी हाही चांगला आधार आहे. प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते बघायचं, एवढाच काय तो सोपस्कार.

५. किद्दूशला बाटली लागत नाही

परदेशी कोशर वाइनची बाटली आणायची म्हणजे आमचा आठवड्याचा भाजीपाला गेला. बेने इस्रायल घरांनी याची सोय केव्हाच करून ठेवली आहे: मनुकांचं शरबत. २०० ग्रॅम काळ्या मनुका गुरुवारी रात्री स्वच्छ धुऊन लिटरभर पाण्यात भिजत घाला. शुक्रवारी सकाळी त्याच पाण्यात मंद उकळा, गार झाल्या की हाताने कुस्करा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. आठ-दहा माणसांना पुरतं. गाळून उरलेल्या मनुकांत चिंच, गूळ, जिरं घालून चटणी करायची.

मनुका, खजूर, वेलची यांसाठी सियागंज. किरकोळ दुकानातल्या चकचकीत पाकिटापेक्षा तिथला सुटा माल स्वस्त पडतो आणि निवडून घेता येतो. सणांच्या तोंडावर भाव चढतात, म्हणून मी मनुका हंगामात घेऊन बरणीत भरून ठेवते.

६. शम्मायांची खरेदी

तालमूद या आपल्या धर्मग्रंथात शम्माय आणि हिल्लेल या दोन गुरूंच्या सवयी सांगितल्या आहेत. शम्मायांना आठवड्यात काही चांगलं दिसलं की ते ‘हे शब्बाथला’ म्हणून बाजूला ठेवत. पुढे त्याहून चांगलं मिळालं तर नवं ठेवत आणि आधीचं खात. हिल्लेल मात्र देवावर भरवसा ठेवून ज्या त्या दिवसाचं त्या त्या दिवशी बघत. विद्वान कुणाच्याही बाजूने असोत, वाणसामानाच्या बाबतीत मी शम्मायांची.

शुक्रवारी दुपारी पिशवी घेऊन धावणाऱ्याला दुकानदार ओळखून असतो. चोइथराम मंडीत मंगळवारी काकड्या चांगल्या मिळाल्या, घेतल्या. बुधवारी सीताफळं स्वस्त दिसली, कडक बघून घेतली, शुक्रवारपर्यंत पिकतात. घरात एक फडताळ शब्बाथचं. त्यात आलेली वस्तू मुलांनी विचारल्याशिवाय उचलायची नाही. शुक्रवार उजाडेपर्यंत अर्धं जेवण जमलेलं असतं आणि एकदम मोठी रक्कम हातातून जात नाही.

७. दिवा लागला की दुकान बंद

दिवाळीला किंवा ईदला पाहुणे अचानक वाढले तर मुलाला पिटाळून दही आणवता येतं, मोबाइलवरून जेवणही मागवता येतं. आपल्याकडे शुक्रवारच्या सूर्यास्तानंतर पैशाला हात लावायचा नाही आणि चूलही पेटवायची नाही. डिसेंबरात इंदूरचा सूर्य पावणेसहाच्या सुमारासच मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. जे काही असेल ते त्याच्या आत. या धाकाने बायका दुप्पट रांधून ठेवतात, आणि शब्बाथच्या खर्चातली खरी गळती हीच.

त्यावर उपाय म्हणजे ताणता येतील असे पदार्थ. पातळ कालवण, डाळ, कढी, पुलाव दोन माणसांनी वाढला तरी पुरतो. मोजून करायचे पदार्थ, म्हणजे कटलेट, भरली वांगी, माशाच्या तळलेल्या तुकड्या, हे फक्त माणसं पक्की ठाऊक असतील तेव्हा. पोळ्या मोजून करा आणि भात थोडा जास्त. पोळी उरली की वातड होते, भाताचं मात्र दुसऱ्या दिवशी काहीतरी करता येतं.

दुसरं म्हणजे शनिवारचं जेवण शुक्रवारच्या पोटातच धरा. गार खाल्ली तरी चांगली लागेल अशी एक भाजी शुक्रवारीच जास्त करा: बटाट्याची सुकी भाजी, मुगाची उसळ, भरडा घातलेली भोपळी मिरची. इंदूरच्या मे महिन्यात नारळ घातलेलं कालवण सकाळपर्यंत टिकत नाही. ते रात्रीच वाढून संपवायचं किंवा लगेच फ्रिजमध्ये टाकायचं. फ्रिजमधला दिवा आम्ही शुक्रवारी दुपारीच काढून ठेवतो.

८. पाहुण्यांची पथ्यं परवडणारी असतात

इंदुरात जेवायला बोलावणं म्हणजे आधी पथ्यं विचारणं. जैन पाहुण्यांना कांदा, लसूण, बटाटा नको, आणि चातुर्मासात दिवेलागणीच्या आत जेवण हवं. मराठी शेजाऱ्यांचा श्रावण असतो. बोहरी मंडळींना हलाल मांस लागतं, ते आमच्याकडे नाही. या सगळ्यांना आमचं कोशर जोडलं तर यादी भयंकर वाटेल. प्रत्यक्षात सगळ्यांना चालणारं जेवण साधं आणि स्वस्त निघतं: मुगाची डाळ, भात, पोळी, भोपळ्याची किंवा गिलक्याची भाजी, दही, फळं. जैन मंडळी येणार असली की त्यांचं जेवण आम्ही ऊन असतानाच उरकतो आणि दिव्याच्या वेळी ती नुसती बसायला असतात.

बोहरी कुटुंब पहिल्यांदा आलं तेव्हा जेवणाआधी त्यांनी मिठाची चव घेतली आणि आम्ही पोळीचा तुकडा मिठात बुडवला. पुढचा अर्धा तास याच विषयावर गप्पा. ताटात दाणा टाकायचा नाही हा नियम ते इतक्या काटेकोरपणे पाळतात की त्यांच्या समाजात त्यासाठी ‘दाना कमिटी’ असते. त्यांच्याकडून आम्ही एक गोष्ट उचलली: पहिल्यांदा कमी वाढायचं, भांडं मात्र पाहुण्याच्या हाताशी ठेवायचं. ताटात उरणारं अन्न जवळजवळ बंद झालं. आग्रहाला आमच्याकडे आता गप्पांपुरतीच जागा आहे.

९. ‘काय आणू?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या

‘काही नको, तुम्ही या फक्त’ असं म्हटलं की लोक मिठाईचा डबा आणतात. तो बहुतेक वेळा आपल्याला चालेल की नाही, इथपासून प्रश्न. पाहुण्याचे पैसे गेले आणि आपल्या उपयोगी पडले नाहीत. मी स्पष्ट सांगते: फळं आणा, आख्खी, न कापलेली. आख्ख्या फळाला कोशरचा प्रश्न येत नाही, जैन-बोहरी-मराठी सगळ्यांना चालतं, आणि गोडाचा एक पदार्थ मला कमी करावा लागतो. घरच्या माणसांना कामंही वाटून देते. नणंद मुंबईहून येताना कोकम आणि सुकं खोबरं आणते. होस्टेलचा मुलगा दुपारी येऊन नारळ खवून देतो. त्यामुळे ‘दर वेळी यांच्याकडे फुकट जेवतो’ हे ओझं त्याच्या मनावर राहत नाही आणि तो पुढच्या शुक्रवारी न बोलावता येतो.

ज्या आठवड्यात वीस-पंचवीस माणसं बोलवायचीच असतील, म्हणजे कुणाला नोकरी लागली, कुणी आजारातून उठलं, तेव्हा शुक्रवारचं जेवण ठेवू नका. शब्बाथ संपल्यावर, शनिवारी रात्री, एलियाहू हानाबींचा मलिदा करा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, वर सुकामेवा आणि सोबत पाच तऱ्हेची फळं. पोह्यांच्या या गावात पोहे स्वस्त आणि ताजे, फळं पाहुण्यांनी आणलेली. माणसं पोटभर खातात आणि आभाराची प्रार्थनाही होते.

१०. वर्षाचा हिशेब मांडा, आठवड्याचा नको

आमच्या घरी तालमूदवरून गोड भांडण चालतं. सासूबाईंचं आवडतं मत असं की माणसाची वर्षाची कमाई नव्या वर्षाच्या दिवसांत ठरते, पण शब्बाथ, सण आणि मुलांच्या धर्मशिक्षणाचा खर्च त्यात धरलेला नसतो. तिथे जास्त खर्चलं तर देव जास्त देतो. यजमानांचं आवडतं मत रब्बी अकिवांचं: शब्बाथ साध्या दिवसासारखा केला तरी चालेल, पण कुणापुढे हात पसरायची पाळी आणू नये. दोन्ही मतं तालमूदचीच.

मी दोघांनाही खूश ठेवते. पगाराच्या दिवशी शब्बाथची ठरलेली रक्कम डब्यात जाते, सासूबाईंचा मान राहतो. डबा रिकामा झाला की त्या महिन्यात किराण्याच्या पैशांना हात लागत नाही, अकिवांचा मान राहतो. ज्या शुक्रवारी आम्ही घरचेच असतो, तेव्हा उरलेलं डब्यातच राहतं आणि ते नव्याच्या सणाला चिकाच्या हलव्यासाठी, पेसाहसाठी, बिरड्याच्या सणाच्या वालांसाठी निघतं. आठवड्यापुरतं बघितलं तर प्रत्येक पाहुणा महाग वाटतो. वर्षाच्या बेरजेत त्याच पाहुण्याच्या वाट्याला फार थोडं येतं.

११. हात आखडला तर पदार्थ कमी करा, माणसं नको

अब्राहामाने उन्हात तंबूच्या दाराशी बसून अनोळखी वाटसरूंना बोलावलं, आणि पाहुण्याचं स्वागत हे देवाच्या दर्शनापेक्षा मोठं, असं आपल्या गुरूंनी त्यावरून ठरवलं. त्याच गोष्टीत एक बारीक खूण आहे. अब्राहाम पाहुण्यांना म्हणतो घोटभर पाणी आणि भाकरीचा तुकडा, आणि आणतो मात्र वासरू. थोडं कबूल करून जास्त देणं चांगलंच, पण खिशात वासराचे पैसे नसतील तेव्हा पाणी-भाकरीचं आमंत्रणही खरंच असतं. शिकवण्या बंद असतात त्या महिन्यांत आमच्या दाराला कडी लागत नाही, ताटातले पदार्थ तेवढे कमी होतात. पाहुण्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

अशा शुक्रवारी आठ माणसांसाठी मी जे करते ते देऊन टाकते, कुणाला उपयोगी पडेल:

• दोन अखंड पोळ्या किद्दूशला आणि जेवायला अठरा, त्यासाठी कणीक ६०० ग्रॅम, लोकवन गव्हाची
• मनुकांचं शरबत, २०० ग्रॅम मनुकांचं
• वालाचं बिरडं, ४०० ग्रॅम वाल मोड आणून सोललेले, एक नारळ
• बटाट्याची सुकी भाजी, एक किलो, त्यातली थोडी शनिवारसाठी
• भात, अर्धा किलो तांदळाचा
• काकडीची कोशिंबीर, अर्धा किलो दह्यातली
• तुपातला शिरा, २५० ग्रॅम रव्याचा
• फळं, पाहुणे आणतील ती

या यादीत एक मटणाचं पातेलं घातलं की दही, तूप बाहेर काढावं लागतं, तीन नारळ जास्त लागतात आणि त्याच पैशात पानं आठाची चार होतात. मटण की चार माणसं, हा प्रश्न आला की आमच्या घरात मतदानसुद्धा घ्यावं लागत नाही.